एका कोडॉनवर अडलेलं न्यूक्लिओसिडिन

१९५६ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधकांना भारतातून गेलेल्या मातीच्या नमुन्यात स्ट्रेप्टोमायसीस वंशाचा एक जीवाणू सापडला. त्याला पुढे स्ट्रेप्टोमायसीस कॅल्व्हस असं नाव मिळालं. त्याच्या कल्चरमधून मिळालेलं न्यूक्लिओसिडिन हे प्रतिजैविक ट्रिपॅनोसोम जातीच्या परजीवींना मारत होतं. आफ्रिकेतला निद्रारोग आणि आपल्याकडे जनावरांना होणारा सर्रा हे याच कुळातल्या परजीवींचे रोग, त्यामुळे सुरुवातीला मोठी आशा होती. पण रेणू फार विषारी निघाला आणि औषध म्हणून तो मागे पडला.

त्याचं खरं वेगळेपण १९६९ मध्ये कळलं. तोवर त्याची रचना अर्धवटच माहीत होती. नव्यानं तपासल्यावर दिसलं की हा आरएनएचा घटक असलेल्या ॲडिनोसिनचा भाऊबंद आहे, त्याच्या रायबोज साखरेच्या चौथ्या कार्बनवर फ्लोरीनचा अणू बसलेला आहे आणि पाचव्या कार्बनवर सल्फामेटचा गट आहे. सजीवांनी स्वतः घडवलेले फ्लोरीनयुक्त रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तेव्हा भारतीय मातीतला एक जीवाणू कार्बनला फ्लोरीन जोडतो कसा, हे समजून घ्यायला रसायनशास्त्रज्ञ आतुर असणं साहजिक होतं.

अडचण एकच होती. एटीसीसी या अमेरिकेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवलेला हा जीवाणू, म्हणजे एटीसीसी १३३८२ हा स्ट्रेन (वाण), न्यूक्लिओसिडिन करायलाच तयार नव्हता. कल्चर वाढायचं, द्रावणात पेशी भरपूर व्हायच्या, पण रेणूचा पत्ता नसायचा. पहिल्या शोधानंतर जवळजवळ साठ वर्षं तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही. अशा वेळी सहसा माध्यमाला दोष दिला जातो: साखर बदला, नायट्रोजनचा स्रोत बदला, हवा वाढवा, तापमान कमी करा. या प्रकरणात दोष माध्यमात नव्हता. कोडॉन म्हणजे प्रथिनात कुठलं अमिनो आम्ल बसवायचं ते सांगणारा डीएनएमधला तीन अक्षरांचा शब्द. या जीवाणूच्या जीनोममध्ये एका अत्यंत दुर्मिळ कोडॉनला वाचणाराच नादुरुस्त होता. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की कोडॉन वापरातला कल, म्हणजे एकाच अमिनो आम्लाच्या अनेक कोडॉनपैकी जीवाणू कुठला किती वापरतो ते, आपण बहुतेक वेळा सरासरीच्या आकड्यात मोजतो, आणि इथे सगळी गोष्ट त्या सरासरीत न दिसणाऱ्या टोकाला घडली.

बशीवर काय दिसत होतं

स्ट्रेप्टोमायसीस हे मातीतले तंतुमय जीवाणू. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासामागचं जिओस्मिन मुख्यतः त्यांचंच. आपल्या वापरातल्या प्रतिजैविकांचा फार मोठा वाटा याच वंशातून आला. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या सुमारास सापडलेलं हॅमायसिन हे बुरशीनाशकसुद्धा तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिनाचं.

अगारच्या बशीवर निरोगी स्ट्रेप्टोमायसीसची वसाहत ओळखायला सोपी असते. आधी अगारमध्ये रुतलेलं, चिवट, टाचणीनं ओरबाडावं लागेल असं तंतूंचं जाळं वाढतं. दोन-तीन दिवसांनी त्यावर पांढरी लव उगवते. हे हवेत उभे राहणारे तंतू. मग त्या तंतूंचे तुकडे पडून बीजाणूंच्या माळा होतात आणि जातीनुसार वसाहतीवर करडा, हिरवट किंवा गुलाबी रंग चढतो. प्रतिजैविकंही साधारण याच सुमाराला तयार होऊ लागतात.

कॅल्व्हसच्या वसाहतीवर ही लव येतच नव्हती. ती गुळगुळीत, तुळतुळीत राहायची. बीजाणूही नाहीत. म्हणजे लव नाही आणि प्रतिजैविकही नाही अशी जोडी समोर होती. स्ट्रेप्टोमायसीसच्या आनुवंशिकीत ज्यांचा हात बसला आहे, त्यांना ही जोडी दिसली की एक जनुक लगेच आठवतं. त्यासाठी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात जावं लागेल.

बीएलडी-ए आणि टीटीए

नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत डेव्हिड हॉपवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या जातीवर आयुष्यं घालवली. ही जाती निळं ॲक्टिनोऱ्होडिन आणि लाल प्रोडिजिओसिन अशी रंगीत प्रतिजैविकं करते. एखाद्या उत्परिवर्तनात प्रतिजैविक बंद पडलं तर बशीकडे नुसतं बघूनच कळतं, म्हणून ती अभ्यासाला सोयीची. १९७६ मध्ये मेरिक यांनी लव न येणाऱ्या उत्परिवर्तनांचा नकाशा मांडला. त्यांतलं एक बीएलडी-ए. ते बिघडलं की लवही जायची आणि रंगही जायचे. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकदम बंद करणारं जनुक म्हणजे कुठलं तरी मोठं नियंत्रक प्रथिन असणार, असं कुणालाही वाटेल. १९८५ मध्ये पिरे आणि चेटर यांनी हा भाग क्लोन केला. १९८७ मध्ये त्याचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिन नव्हतंच. तिथे जेमतेम नव्वद अक्षरांच्या आतलं वाहक आरएनएचं जनुक होतं. वाहक आरएनए कोडॉन वाचतो आणि त्याला जुळणारं अमिनो आम्ल आणून देतो. हा आरएनए ल्यूसिन हे अमिनो आम्ल आणून देतो, आणि जनुकाच्या आरएनए प्रतीत, म्हणजे संदेशात, यूयूए, म्हणजे डीएनएच्या भाषेत टीटीए, हा कोडॉन आला तरच त्याची गरज लागते.

इथे कोडॉनचा हिशोब जवळून पाहायला हवा. ल्यूसिनसाठी सहा कोडॉन आहेत: टीटीए, टीटीजी, सीटीटी, सीटीसी, सीटीए आणि सीटीजी. कुठलाही लिहिला तरी प्रथिनात ल्यूसिनच बसतं. पण जीवाणू हे सहा सारखे वापरत नाहीत. सीलिकलरच्या जीनोममध्ये जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास आहे. कोडॉनच्या पहिल्या दोन जागांवर प्रथिनाचं बंधन असतं, तिथे फारशी मोकळीक नसते. म्हणून जीसीची सगळी ओढ तिसऱ्या जागेवर येऊन पडते, आणि तिथलं जीसीचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं. ही विषमता इतकी ठळक आहे की १९८४ मध्ये बिब आणि सहकाऱ्यांनी नेमक्या तिच्याच आधारे स्ट्रेप्टोमायसीसच्या अनुक्रमात प्रथिनाची चौकट, म्हणजे अक्षरं तीन-तीन करून कुठून वाचायची ते, शोधायची रीत बसवली. दर तिसऱ्या अक्षराचा जीसी मोजत जा. जिथे तो सलग उंच राहतो तिथे जनुक आहे, आणि चौकट कुठली तेही कळतं.

ल्यूसिन, ॲलॅनिन, ग्लायसिन, व्हॅलिन असा तुकडा घेऊ. सीलिकलर तो बहुधा सीटीजी जीसीसी जीजीसी जीटीसी असा लिहील. ज्याच्या जीनोममध्ये जीसी जेमतेम तेहतीस टक्के आहे तो स्टॅफिलोकोकस ऑरियस तोच तुकडा टीटीए जीसीए जीजीटी जीटीए असा लिहू शकेल. प्रथिन दोन्हीकडे तेच. स्टॅफिलोकोकसमध्ये टीटीए हा ल्यूसिनचा सर्वांत नेहमीचा कोडॉन आहे. सीलिकलरमध्ये सगळ्या कोडॉनमध्ये तो जवळजवळ सर्वांत दुर्मिळ.

स्ट्रेप्टोमायसीसमधल्या या कलाचा बहुतांश भाग जीसीच्या ओढीनं समजतो, असं माझंही मत आहे. टीटीए दुर्मिळ का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं: तीनपैकी एकही अक्षर जी किंवा सी नाही. पण उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. २००२ मध्ये सीलिकलरचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला: सुमारे ८६ लाख ६७ हजार अक्षरं, ७८२५ जनुकं. त्यांतल्या सुमारे १४५ जनुकांतच टीटीए आहे. हा कोडॉन नुसता जीसीच्या ओढीमुळे कमी झाला असता, तर उरलेसुरले टीटीए कुठेही विखुरलेले सापडले असते. तसं झालेलं नाही. वाढीसाठी ज्यांच्यावाचून चालत नाही, अशा जनुकांत तो नाहीच. तो सापडतो प्रतिजैविकांच्या नियंत्रकांत, लव आणि बीजाणूंशी संबंधित जनुकांत, आणि बाहेरच्या परिस्थितीला तोंड देण्याच्या जनुकांत. कीथ चेटर आणि गोविंद चंद्रा यांनी २००८ मध्ये या वाटणीचा सविस्तर आढावा घेतला.

एकत्र कुटुंबात धान्याच्या कोठीची किल्ली एकाच माणसाकडे असावी, तसा बीएलडी-एचा वाहक आरएनए आहे. तो नसला तरी घराचा रोजचा व्यवहार चालतो, फक्त कोठी उघडत नाही. सीटीजी, सीटीसी, टीटीजी वाचणारे दुसरे वाहक असतात. टीटीए वाचणारा दुसरा नाही.

याचा सर्वांत थेट पुरावा १९९१ मध्ये आला. ॲक्टिनोऱ्होडिनच्या जनुकसमूहात, म्हणजे तो रेणू घडवणाऱ्या शेजारी-शेजारच्या जनुकांच्या गटात, एक नियंत्रक आहे, ॲक्ट-टू ओआरएफ-फोर. त्याचं प्रथिन २५५ अमिनो आम्लांचं आणि त्याच्या जनुकात टीटीए फक्त एकदा येतो. संशोधकांनी तेवढाच कोडॉन बदलून ल्यूसिनचा दुसरा कोडॉन बसवला. प्रथिनात तसूभरही फरक पडला नाही, पण बीएलडी-ए बिघडलेल्या स्ट्रेनमध्येही निळा रंग परतला. लव मात्र परतली नाही. तिच्यासाठी वेगळं जनुक होतं, आणि ते २००३ मध्ये हाती लागलं: एडीपी-ए. त्यातला एकुलता एक टीटीए बदलला की बीएलडी-ए नसतानाही लव आणि बीजाणू येतात. एडीपी-ए हा नियंत्रक बहुतेक सगळ्या स्ट्रेप्टोमायसीसमध्ये आहे आणि त्याचा टीटीएसुद्धा प्रथिनाच्या दोन भागांना जोडणाऱ्या त्याच जागी टिकून आहे. इतक्या जातींमध्ये, जीसीची एवढी ओढ असूनही, एक कोडॉन त्याच जागी राहतो याचा अर्थ तो तिथे निवडीनं राखला गेला आहे. स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसमध्ये तर एडीपी-ए स्ट्रेप्टोमायसिनच्या नियंत्रकाला चालू करतो आणि शिवाय बीएलडी-एलाही चालना देतो. म्हणजे वाहक नियंत्रकाला घडवतो आणि नियंत्रक वाहकाला वाढवतो. हे चक्र जपानच्या ओहनिशी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं.

कॅल्व्हसची दुरुस्ती

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे डेव्हिड झेकेल, मॅकमास्टर विद्यापीठाचे जेरार्ड राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्व्हसचा जीनोम वाचला. २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं की त्याच्या बीएलडी-एमध्ये एका अक्षराचं उत्परिवर्तन आहे. त्यामुळे वाहक आरएनएची घडीच चुकीची बसेल असा अंदाज निघत होता. वाहक आरएनए ल्यूसिन घेऊन रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिन जोडणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचतो तो त्याच्या आकाराच्या जोरावर, म्हणून घडी चुकली की कोडॉन ओळखणारी अक्षरं जागच्या जागी असूनही उपयोग नाही.

मग त्यांनी बीएलडी-एची धडधाकट प्रत जीवाणूत घातली. वसाहतीवर लव आली, बीजाणू आले. त्याशिवाय एक अनपेक्षित रेणूही आला: ॲनिमायसिन, अनेक दुहेरी बंधांची लांब साखळी असलेला अमाइड. तोवर त्याचा जनुकसमूह जीनोममध्ये मुका पडून होता. हा रेणू दुसऱ्या ॲक्टिनोबॅक्टेरियांच्या, म्हणजे स्ट्रेप्टोमायसीसच्याच मोठ्या गटातल्या जीवाणूंच्या, विकासात अडथळा आणतो, म्हणजे शेजाऱ्यांना लव येऊ देत नाही. मातीच्या एका कणात या गोष्टीचं मोल काय असेल याचा विचार मला फार गुंतवून ठेवतो.

न्यूक्लिओसिडिनचं उत्तर २०१५ मध्ये आलं. दुरुस्त केलेला कॅल्व्हस ते पुन्हा करू लागला होता. ते ओळखायची पद्धत मला विशेष आवडली. कल्चरच्या अर्कात हजारो रेणू असतात, कार्बन किंवा हायड्रोजनचे संकेत एकमेकांत मिसळून जातात. फ्लोरीनचं तसं नाही. सजीवांत सेंद्रिय फ्लोरीन जवळजवळ नसतंच, त्यामुळे फ्लोरीनच्या एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या पद्धतीत) पार्श्वभूमी कोरी असते आणि जो संकेत दिसतो तो आपल्या कामाचा असण्याची शक्यता मोठी असते. त्यावर न थांबता त्यांनी फ्लोरीन मोजणाऱ्या दुसऱ्या पद्धतीनं आणि वस्तुमान वर्णपटानंही पडताळणी केली, मोठ्या प्रमाणात कल्चर वाढवून रेणू शुद्ध केला आणि रचना पक्की केली.

पुढचा प्रश्न जनुकसमूहाचा. फ्लोरीन जोडणाऱ्या विकराच्या मागे जाणं अवघड होतं, कारण तो कसा असेल हेच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी सल्फामेटचं टोक धरलं: तो गट घडवायला कुठल्या प्रकारची जनुकं लागतील ते आधी ठरवलं आणि ती जीनोममध्ये शोधली. समूह सापडला, त्यातलं जनुक निकामी केल्यावर न्यूक्लिओसिडिन बंद झालं. आणि त्या समूहातल्या दोन जनुकांमध्ये टीटीए होता. रेणू साठ वर्षं का रुसला होता, त्याचं उत्तर त्या दोन जनुकांत होतं.

सरासरी काय लपवते

कोडॉन वापराचा कल मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा निर्देशांक म्हणजे शार्प आणि ली यांचा कोडॉन ॲडॅप्टेशन इंडेक्स. तोही १९८७चाच, बीएलडी-एच्या अनुक्रमाच्या वर्षीचा. प्रत्येक कोडॉनला शून्य ते एकमधलं वजन द्यायचं आणि जनुकातल्या सगळ्या वजनांची भूमितीय सरासरी काढायची. भरपूर प्रथिन करणारी जनुकं ओळखायला तो चांगला आहे. पण ॲक्ट-टू ओआरएफ-फोरसारख्या २५५ कोडॉनच्या जनुकाचा हिशोब करून बघा. समजा टीटीएचं वजन ०.०१ आहे, तर त्याच्या जागी वजन १ असलेला कोडॉन टाकल्यानं निर्देशांक दोन टक्क्यांहूनही कमी वाढेल. आलेखावर तो बिंदू जरासाही हललेला दिसणार नाही, आणि बशीवर मात्र निळा रंग असणं आणि नसणं एवढा फरक पडतो.

म्हणून मातीतल्या उपयुक्त जीवाणूंच्या जीनोमवर कोडॉन वापराचे लेख वाचताना मला नेहमी एक खंत वाटते. तक्ते, रंगीत नकाशे, जनुकागणिक निर्देशांक सगळं असतं, आणि सर्वांत कमी वापरलेले दोन-तीन कोडॉन नेमके कुठल्या जनुकांत आहेत ही यादी नसते. ती काढायला पाच मिनिटांची छोटी स्क्रिप्ट पुरते. निदान स्ट्रेप्टोमायसीस आणि त्याच्या जवळच्या वंशांसाठी ती पहिल्या पानावर हवी.

याचा अर्थ टीटीए दिसला की सगळं उमगलं असा घेऊ नये. स्ट्रेप्टोमायसीस क्लॅव्ह्युलिजेरसचं उदाहरण समोर आहे. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आणि सेफामायसिन यांच्या सीसीए-आर या नियंत्रकात टीटीए आहे, तरीही बीएलडी-ए नसताना दोन्ही तयार होतात. २००२ मध्ये अल्बर्टाच्या गटानं दाखवलं की तिथे रायबोसोम दुसऱ्या वाहकाकडून चुकीचं वाचन करवून पुढे जातो. कोडॉनच्या आजूबाजूची अक्षरंही यात भाग घेतात. शिवाय बीएलडी-ए हा वेळ ठरवणारा गजर आहे की नुसती अट, यावर १९९३ पासून दोन मतं आहेत. एका गटाला वयानुसार पक्व वाहक वाढताना दिसला. दुसऱ्या गटानं ॲक्ट-टू ओआरएफ-फोरचा संदेश लवकर तयार करवला तेव्हा यूयूए असूनही प्रतिजैविक लवकर आलं. मला दुसरी बाजू जास्त पटते, निदान सीलिकलरपुरती. वाहक हजर असणं ही अट आहे, घड्याळ दुसरीकडे आहे. जाती बदलली की हे उत्तरही बदलू शकतं.

कॅल्व्हसचं प्रकरण आपल्या प्रयोगशाळांना लागू पडतं ते एका साध्या गोष्टीपुरतं. मातीतून आणलेले ॲक्टिनोमायसीट (स्ट्रेप्टोमायसीससारखे तंतुमय जीवाणू) पुन्हा पुन्हा उपसंवर्धन करताना लव हरवून बसतात आणि प्रतिजैविकही बंद होतं, हे पुण्यातल्या एनसीएलच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. अशा स्ट्रेनला बिघडला म्हणून बाजूला ठेवलं जातं. त्याआधी बीएलडी-एचा तो नव्वद अक्षरांच्या आतला तुकडा पीसीआरनं उचलून वाचून घ्यावा. एका नमुन्याचा खर्च माध्यमाच्या दोन नव्या बॅचेसपेक्षा कमी येतो. तुकडा बिघडलेला निघाला तर धडधाकट प्रत घालून बघता येते, आणि तो ठीक निघाला तर एडीपी-ए आणि बाकीची बीएलडी जनुकं तपासायला मोकळे.

कृत्रिम जनुक मागवतानाही हाच विचार हवा. ई. कोलायचं किंवा कमी जीसी असलेल्या दुसऱ्या कुणाचं जनुक स्ट्रेप्टोमायसीसमध्ये घालायचं असेल तर त्यातले टीटीए काढून टाकणं शहाणपणाचं. पण स्ट्रेप्टोमायसीसच्याच नियंत्रकाचं जनुक संगणकानं ‘सुधारून’ घेतलं, तर जीवाणूनं राखलेली अट आपण न बघता पुसतो. कधी तेच हवं असतं, जसं १९९१ च्या प्रयोगात. पण मग ते जाणूनबुजून केलेलं असावं आणि लेखाच्या पद्धती विभागात नोंदलेलं असावं.

कॅल्व्हसकडे परत यायचं तर फ्लोरीनचा प्रश्न अजून संपलेला नाही. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस कॅटलेयात सापडलेला फ्लोरिनेज हा विकर कॅल्व्हसच्या जीनोममध्ये नाही, म्हणजे फ्लोरीन इथे दुसऱ्याच वाटेनं बसतं. २०१९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या डेव्हिड ओहेगन यांच्या गटानं कॅल्व्हसमधून न्यूक्लिओसिडिनशी नातं सांगणारे आणखी दोन फ्लोरीनयुक्त रेणू मिळवले. त्यांच्या रायबोजवर ग्लुकोज जोडलेलं आहे. फ्लोरीन कुठल्या टप्प्यावर येतं, ग्लुकोजच्या आधी की नंतर, हे उलगडायला आता निदान रेणू देणारं कल्चर टेबलावर आहे.